दोन पत्रे : एक पाठविलेले, एक फाडलेले

शास्त्रभाग : फिलेमोनास पत्र (संपूर्ण), गलतीकरांस पत्र २:११-१४ व ३:२६-२८.
पाठाचा उद्देश : परक्याशी केलेली गुप्त मैत्री आणि मंडळीसमोर उघडपणे पत्करलेली बंधुता, ह्यांतील भेद ओळखणे.



शब्बाथ शाळेच्या शिक्षकांकडून आम्हांस पुष्कळदा असा प्रश्न येतो की, मुलांस पवित्र शास्त्राखेरीज इतर गोष्टींची पुस्तके वाचून दाखवावीत की नाही? कल्पित कथा म्हणजे शेवटी खोटेच. मग खोट्याने सत्याचा बोध कसा व्हावा, अशी कित्येक सालस मनांस शंका वाटते. ह्या शंकेचे उत्तर आपल्या प्रभूच्याच शिक्षणात आहे. उधळ्या पुत्राचे नाव व गाव त्याने कोणास सांगितले नाही. चांगला शोमरोनी कोणत्या वर्षी त्या वाटेने गेला हेही सांगितले नाही. तरी त्या गोष्टी ऐकून आजवर किती अंतःकरणे फिरली! तेव्हा गोष्ट कल्पित आहे की घडलेली आहे, हा खरा प्रश्न नव्हे. ती ऐकून मुलाचे डोळे शेजाऱ्याकडे वळतात की त्याच्यापासून फिरतात, हा खरा प्रश्न आहे.

आज आम्ही मुलांकरिता लिहिलेली दोन अमेरिकन पुस्तके घेऊन ती पौलाच्या फिलेमोनास लिहिलेल्या पत्राशेजारी ठेवणार आहो. पहिल्या पुस्तकातही एक पत्र आहे. तेही एका पळालेल्या दासाविषयीच आहे. ही दोन पत्रे जोडीने वाचली असता, ती मुलांपेक्षा आम्हां मोठ्यांसच अधिक प्रश्न विचारतात, असा आमचा अनुभव आहे.

१. फाडलेले पत्र

मार्क ट्वेन ह्या टोपणनावाने लिहिणारे सॅम्युएल क्लेमेन्स हे १८३५ साली अमेरिकेतील मिझुरी प्रांतात जन्मले आणि मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी वाढले. मिझुरीत त्या काळी गुलाम बाळगणे कायदेशीर होते. त्यांचे ‘हकलबरी फिन’ हे पुस्तक इंग्लंडात डिसेंबर १८८४ मध्ये व अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन वीस वर्षे होत आली होती. पण कथेचा काळ त्यापूर्वीचा, गुलामगिरी भरात असतानाचा आहे.

हक हा तेरा-चौदा वर्षांचा गोरा मुलगा. बाप दारुडा, आई नाही. दोन धार्मिक बहिणींनी त्यास आपल्या घरी ठेवून घेतले. त्यांतील एक, वॉटसनबाई, ही त्यास प्रार्थना करावयास शिकविते. मागशील ते मिळेल, असे ऐकून तो माशांच्या गळांकरिता प्रार्थना करून पाहतो आणि गळ काही मिळत नाहीत! ह्याच बाईच्या घरी जिम नावाचा कृष्णवर्णी दास आहे. ८०० डॉलर मिळतात म्हणून बाई आपणास दूर दक्षिणेकडे विकणार, अशी कुणकुण जिमला लागते. बायकामुलांची कायमची ताटातूट होणार हे जाणून तो पळतो. इकडे हकही बापाच्या मारास कंटाळून पळालेला असतो. नदीतील एका बेटावर दोघांची गाठ पडते, आणि तराफ्यावर बसून ते रात्री प्रवास करू लागतात.

ह्या प्रवासातील एक प्रसंग मुलांस अवश्य सांगावा. धुक्यात दोघांची चुकामूक होते. जिम रात्रभर त्यास हाका मारतो. हक बुडाला असे समजून त्याचे काळीज फाटते. सकाळी हक परत येतो आणि थट्टेने म्हणतो की, चुकामूक झालीच नाही, तू स्वप्न पाहिलेस. खरे कळल्यावर जिम त्यास स्पष्ट सांगतो की, जो आपल्याकरिता रडला त्या मित्रास लाज आणणारा माणूस हा केरकचऱ्यासारखा होय. एका दासाची क्षमा मागण्यास हकला पाव तास स्वतःच्या मनाशी झगडावे लागते. पण शेवटी तो मागतो, आणि पुढेही त्याबद्दल त्यास कधी खंत वाटत नाही.

पुढे दोन ठक जिमला चाळीस डॉलरांस विकतात, आणि तो सायलस फेल्प्स नावाच्या शेतकऱ्याच्या घरी एका खोपटात कोंडला जातो. आता हकची विवेकबुद्धी त्यास टोचू लागते. कशाबद्दल? बापडा मुलगा! त्यास असे शिकविलेले आहे की, दुसऱ्याच्या दासास पळून जाण्यास साहाय्य करणे ही चोरी होय, आणि अशी चोरी करणाऱ्यास देव नरकात टाकील. तो गुडघे टेकतो. परंतु मनात एक व ओठांवर एक असताना प्रार्थना होत नाही, हे त्यास कळते. म्हणून तो वॉटसनबाईस पत्र लिहितो की, तुमचा दास अमुक ठिकाणी आहे, पैसे पाठवून त्यास घेऊन जा. पत्र लिहिताच त्यास पाप धुऊन निघाल्यासारखे हलके वाटते.

पण पत्र खाली ठेवून तो विचार करीत बसतो. त्यास जिम आठवतो. आपली झोप मोडू नये म्हणून स्वतःच्या पाळीनंतर आपलीही पाळी जागून काढणारा जिम. आपणास जगातील एकुलता एक मित्र मानणारा जिम. हक ते पत्र पुन्हा हातात घेतो, क्षणभर श्वास रोखून धरतो, आणि मग आपल्या मनाशी ठरवितो की, नरकात जावे लागले तरी चालेल. आणि पत्र फाडून टाकतो.

२. विवेकबुद्धीस कोणी शिकविले?

बंधूंनो, येथे अंमळ थांबावे. त्या मुलाने योग्य केले, आणि ते करिताना आपण देवाच्या विरुद्ध जात आहो असे त्यास वाटले! ही त्याची चूक नव्हे. ज्यांनी त्यास देवाचे नाव शिकविले, त्यांनीच देवाच्या नावाखाली त्यास हे खोटे शिकविले होते. ट्वेन ह्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेविले आहे की, त्यांच्या शाळकरी दिवसांत गुलामगिरीत काही वाईट आहे असे त्यांस वाटतच नसे. कारण गावच्या व्यासपीठावरून ती देवास मान्य आहे असाच उपदेश होत असे. आणि ह्या पुस्तकाविषयी ते म्हणत की, ह्यात निरोगी अंतःकरण आणि बिघडलेली विवेकबुद्धी ह्यांचे युद्ध होते व विवेकबुद्धी हरते.

विवेकबुद्धी ही देवाची देणगी खरी. पण ती घड्याळासारखी आहे. ज्याने लाविले त्याने चुकीच्या वेळेस लाविले, तर ते नियमितपणे चुकीची वेळ दाखविते. आपल्या शिष्यांस जिवे मारणाऱ्यांस आपण देवाची सेवा करीत आहो असे वाटेल, असे प्रभूने सांगून ठेविले आहे (योहान १६:२). तार्सचा शौल मंडळीस छळीत होता, तेव्हा त्याची विवेकबुद्धी स्वस्थ झोपली होती.

कोणी विचारील की, हा मुलगा खोटे बोलतो, चोरी करितो. त्याचा कित्ता आमच्या मुलांनी गिरवावा काय? नाही. पण राहाबही हेरांस लपविताना खोटे बोलली (यहोशवा २), आणि तरी इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वास ठेवणाऱ्यांच्या मालिकेत तिचे नाव आहे. शास्त्र तिच्या खोटेपणाची स्तुती करीत नाही. तिने कोणास आपल्या छपराखाली घेतले हे पाहते.

जिमला कोंडणारा फेल्प्स हा आणखी एक धडा आहे. तो दुष्ट नाही. शेतकरी असून तो उपदेशकही आहे. आपल्या शेतावर त्याने स्वखर्चाने लहानसे मंदिर बांधिले आहे. एका-दोन दिवसांआड तो खोपटात जाऊन साखळीने बांधलेल्या जिमबरोबर प्रार्थना करितो. आणि प्रार्थना झाली की बाहेर येतो. साखळी तशीच राहते. आम्ही उपदेशक लोकांनी हे चित्र वरचेवर डोळ्यांपुढे आणावे.

३. पाठविलेले पत्र

आता पौलाचे पत्र उघडा. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. तो धन्याकडून पळून आला, असे फार पूर्वीपासून समजले जाते. बंदिवासात असलेल्या पौलाशी त्याची गाठ पडली आणि तो ख्रिस्ताचा झाला. पौल त्यास पत्र देऊन परत पाठवितो. वरवर पाहता हकने जे पत्र फाडले तेच पौलाने पाठविले, असे दिसते. गुलाम बाळगणाऱ्यांनी हेच म्हटले. १८५० साली अमेरिकेत पळालेले दास परत धरून देण्याचा कडक कायदा झाला, तेव्हा विद्वान धर्मशिक्षकांनीही ह्या पत्राचा आधार दिला.

परंतु ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांनी ह्या पत्राचे असे वाचन मान्य केले नाही. चार्ल्स कोल्कॉक जोन्स हे जॉर्जिया प्रांतातील प्रेस्बिटेरियन पाळक दासांमध्ये उपदेश करीत, आणि स्वतःही दास बाळगीत. १८३३ साली ज्या परगण्यात त्यांनी फिलेमोनाच्या पत्रावर उपदेश केला, त्याचे नाव लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्य! पळून जाणे हे पाप आहे, असे पौलाच्या नावाने ते सांगू लागताच अर्धी मंडळी उठली व चालती झाली. असे पत्र शास्त्रात नाहीच, असेही कित्येकांनी म्हटले. ही हकिकत स्वतः जोन्स ह्यांनीच प्रामाणिकपणे आपल्या अहवालात नमूद केली आहे. उठून गेलेल्या त्या अशिक्षित लोकांस व्यासपीठावरील विद्वानापेक्षा सुवार्ता अधिक कळली होती, असे आम्हांस वाटते.

कारण पत्रात खरोखर काय आहे ते पाहा. ह्यापुढे दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून त्याचा स्वीकार कर, असे पौल मागतो (वचन १६). मला जसे घरात घेशील तसे त्यास घे, असे तो म्हणतो (वचन १७). त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर लिही, असे वचन तो स्वहस्ताक्षराने देतो (वचने १८, १९). आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेक वाचक ओलांडून जातात, ती दुसऱ्या वचनात आहे : हे पत्र एकट्या फिलेमोनास नाही; त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीसही आहे. म्हणजे धनी घरचा प्रमुख म्हणून बसला आहे, शेजारी बहीण अप्फिया, सगळी मंडळी जमली आहे, दारात अनेसिम उभा आहे, आणि सर्वांच्या कानांवर हे पत्र पडणार आहे.

येथे दोन पत्रांतील खरा भेद कळतो. हकने आपले पत्र कोणी पाहत नसता फाडले. त्यास जिम कळला, पण गुलामगिरी वाईट आहे हे शेवटपर्यंत कळले नाही. त्याची मैत्री तराफ्यावरची मैत्री होती. तराफ्यावर दोघेच असतात. तेथे धनी नाही, शेजारी नाही, पंगत नाही. किनारा लागला की जिम पुन्हा दास होतो. पौलाने मैत्री तराफ्यावर ठेविली नाही. ती त्याने जमिनीवर, घरात, मंडळीच्या मध्यभागी आणून उभी केली. हकचे करणे थोर आहे. पण मंडळीस देवाने सोपविलेले काम त्याहून कठीण आहे.

४. दुसऱ्या बाजूचा आवाज

हकच्या पुस्तकास एक उणेपणही आहे, ते लपवू नये. ते एका गोऱ्या लेखकाने गोऱ्या मुलाच्या तोंडून सांगितले आहे. त्यात कृष्णवर्णी लोकांविषयीचा एक अपमानाचा शब्द दोनशेंहून अधिक वेळा आला आहे, आणि शेवटल्या अध्यायांत जिमची थट्टाच अधिक होते. ज्यांच्या मुलांस तो शब्द वर्गात बसून ऐकावा लागला, त्या आईबापांनी ह्या पुस्तकास हरकत घेतली, ती आम्हांस समजते. ज्याला शिवी मिळाली आहे, त्यालाच तिचे वजन ठाऊक असते.

म्हणून शिक्षकांनी दुसरेही एक पुस्तक जाणून घ्यावे. मिल्ड्रेड टेलर ह्या कृष्णवर्णी लेखिकेचे ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ हे १९७६ साली निघाले, आणि १९७७ साली त्यास मुलांच्या पुस्तकांकरिता असलेले न्यूबेरी पदक मिळाले. कथा १९३३ सालच्या मिसिसिपी प्रांतातील आहे. गुलामगिरी जाऊन बराच काळ लोटला आहे. पण गोऱ्या मुलांस शाळेची मोटार व काळ्या मुलांस पायवाट, असा न्याय चालू आहे. शाळेत लोगन घराण्यातील धाकट्या मुलास एक फाटके पुस्तक मिळते. आतील पानावर ते आजवर कोणकोणत्या वंशाच्या मुलांस दिले ह्याची यादी आहे. गोऱ्या मुलांनी वापरून टाकाऊ झाल्यावर ते ह्यांच्याकडे आले आहे. सहा वर्षांचा तो मुलगा ते घेण्याचे नाकारितो. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती त्यास रागावत नाही, तर पुस्तकांतील त्या यादीवर कागद चिकटवून टाकते.

ह्याच कथेत जेरेमी नावाचा एक गोरा मुलगा आहे. तो लोगन मुलांबरोबर शाळेच्या वाटेने चालतो, आणि त्याबद्दल बापाचा मार खातो. नाताळात तो लोगनांच्या थोरल्या मुलास, स्टेसीस, स्वतः केलेली लाकडी बासरी आणून देतो. स्टेसी ती घेतो. मग त्याचा बाप त्यास जवळ बसवून समजावितो की, आज ह्या देशाची घडी अशी आहे की गोऱ्याची व काळ्याची मैत्री सारखेपणाची राहत नाही. ती तुटली म्हणजे किंमत काळ्यासच द्यावी लागते. वाचताना मन दुखते. पण बाप खोटे बोलत नाही. मैत्री करणे हे मुलांचे काम. ती टिकेल अशी वाट करून देणे हे मोठ्यांचे काम. जेरेमीने बासरी दिली. त्याच्या गावच्या मोठ्यांनी काय दिले?

५. आमच्याकडे

हे सर्व दूर देशाचे झाले, असे कोणी म्हणू नये. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन मुंबईस आले होते. हॉटेलात त्यांच्यादेखत एका युरोपियन मनुष्याने देशी नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती निमूटपणे सोसली. ट्वेन लिहितात की, पन्नास वर्षांत असे पाहिले नव्हते. क्षणात बालपणीचे गाव आठवले, जेथे दासास आपली इच्छा समजाविण्याची हीच रीत होती. मिसिसिपीचा काठ व मुंबईचा किनारा त्यांस एका क्षणी एकच दिसला. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत दासांस मुक्त करण्याकरिता झटलेल्या सज्जनांस अर्पण केले. ती गुलामगिरी आणि येथील जातिभेद ह्यांचे नाते जोतीरावांस दिसले होते.

आणि मंडळीचे काय? आम्ही आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी शब्बाथ शाळा घेतली. पाठ गलतीकरांस पत्रातीलच होता, ख्रिस्तात सर्व एक हा. आमच्या एका मुलाने दुसऱ्या वस्तीतील आपला सोबती बरोबर आणिला होता. पाठ संपल्यावर आम्ही स्वतः मुलांस पाणी देऊ लागलो. मुले पेल्याने पीत होती. तो सोबती पुढे आला आणि त्याने ओंजळ पुढे केली. पेला त्यास कोणी नाकारिला नव्हता. तो मागावयाचा नसतो एवढेच त्यास ठाऊक होते. आणि आम्ही, नुकताच तो पाठ शिकवून उठलेले, त्याच्या ओंजळीत पाणी ओतून मोकळे झालो. त्याच्या मित्राने आमच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. त्या दिवशीचा खरा पाठ त्या दोघांनी आमच्या हातावरून वाचला, तोंडावरून नव्हे.

पेत्रही अंत्युखियात असाच चुकला. तो परराष्ट्रीयांबरोबर जेवीत असे. पण यरुशलेमेहून माणसे येताच पंगत सोडून वेगळा झाला. पौलाने त्यास एकान्तात नव्हे, तर सर्वांसमक्ष दोष दिला (गलतीकरांस २:११-१४). कारण चूक पंगतीत झाली होती. दुरुस्तीही पंगतीतच व्हावयास हवी होती. अमेरिकेतील दक्षिणेकडील बॅप्टिस्ट मंडळ्यांनी गुलामगिरीच्या वादावरून १८४५ साली वेगळा संघ स्थापिला, आणि त्या पापाबद्दल उघड क्षमा मागितली ती १९९५ साली. क्षमा मागण्यास हकला पाव तास लागला. मंडळीस दीडशे वर्षे लागली!

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट मुलांस सांगा. पण सांगण्यापूर्वी पेले मोजून ठेवा. मूल ज्यास मित्र म्हणून दारापर्यंत आणील, त्यास आपण उंबऱ्याच्या आत घ्या. सतरंजीवर शेजारी बसवा. नाव विचारून नावाने हाक मारा. कोणी वडील मनुष्य भुवई उंचावील तर पौलासारखे उघड सांगा की, ह्याचे जे काही असेल ते माझ्या खात्यावर लिहा. आमच्या मुलांस तराफा शोधीत नदीवर पळावे लागू नये. त्यांच्या मैत्रीस मंडळीतच जागा असावी.

विचाराकरिता प्रश्न

१) हकला आपण पाप करीत आहो असे का वाटले? आपण मुलांस देवाच्या नावाने असे काही शिकवितो काय, जे केवळ रूढीचे आहे?
२) पौलाने फिलेमोनास लिहिताना मंडळीसही का लिहिले? तुमच्या मंडळीत हे पत्र वाचले जाताना दारात कोण उभे असेल?
३) फेल्प्सने कोणती प्रार्थना केली असती, तर तिच्यानंतर त्यास साखळी सोडावी लागली असती?
४) येत्या आठवड्यात मुलांस विचारा : तुझा असा कोणी सोबती आहे काय, ज्यास तू घरी किंवा मंदिरात आणावयास भितोस? उत्तर ऐकून घ्या. लगेच उपदेश करू नका.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांस दास नव्हे तर मित्र म्हटलेस. आमच्या लेकरांनी ज्यांस मित्र म्हटले आहे, त्यांस बंधू म्हणण्याचे धैर्य आम्हां मोठ्यांस दे. आमेन.